कोल्हापूर दोघांनी पायी
दोघांनाच निवांत फिरायचंय तर दिवसभराची गाडी ठरवू का, असं विचारलंय. जुन्या गावात तरी नको. अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप (जुना राजवाडा), बिनखांबी गणेशाचं देऊळ, सराफांची गुजरी, सगळं एकमेकांना खेटून आहे. गाडी लावायला जागा शोधण्यातच जीव जातो.

देवळात पहाटे जा. गर्दी नसली की बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम नीट बघता येतं. ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला किरणोत्सव असतो, मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्याकडे येतं; पण तेव्हा निवांतपणा विसरा.

मग खासबाग. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ साली पूर्ण झालेलं हे कुस्तीचं मैदान. बांधणी अशी की कुठंही बसा, आखाडा दिसतोच. लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. आमच्या हिला या परिसरातनं हलवणं अवघड झालं होतं.

चप्पल लाईनीत खरेदी करा, पण नवी चप्पल लगेच पायात घालून हिंडू नका, चावते. संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ. न्यू पॅलेस हा छत्रपतींचा राजवाडा मात्र लांब पडतो, तेवढी रिक्षा कराच.