समोरच्या वाऱ्यात डिस्क पलटते, फायरबर्ड घेऊ का?

तर्रीपोहा:
राजेहो, आम्ही चार-पाच जणं नागपुरात अंबाझरीकडच्या मोकळ्या मैदानावर संध्याकाळी डिस्क गोल्फ खेळतो, म्हणजे चकती फेकत फेकत कमी फेकींत ठरलेलं होल गाठायचं. बास्केट नाही, कडुलिंबाचं खोड हेच होल. मी उजव्या हाताने बॅकहँड फेकते, वारा नसला तर साधारण ७० मीटर. सध्या इनोव्हा कंपनीची, डीएक्स या साध्या प्लास्टिकची लेपर्ड डिस्क आहे. पण वारा समोरून आला की ती उजवीकडे पलटते, ते थेट बाभळीत! काटे काढता काढता अंधार पडतो. ओव्हरस्टेबल, म्हणजे उजवीकडे न पलटता डावीकडे ओढणारा, फेअरवे ड्रायव्हर (मध्यम लांबीच्या फेकीची डिस्क) घ्यायचा आहे. एक मित्र इनोव्हाची फायरबर्ड सांगून रायला. घेऊ का?

जरीपटका:
घेऊन टाका. वाऱ्यात तिला तोड नाही. माझा फोरहँड तर तिच्यावरच चालतो.

सेमिनरीहिल्सवाला:
ताई, थांबा जरा. जरीपटका भाऊंचा हात दणदणीत आहे, त्यांचं बरोबर. तुमचा हिशोब वेगळा.

डिस्कवरचे चार आकडे पाहा: वेग, ग्लाइड (तरंगणं), टर्न, फेड (वेग उतरल्यावर डावीकडे कलणं). लेपर्ड ६, ५, -२, १. तो -२ म्हणजे वेगात असताना उजवीकडे वळायची ओढ. समोरचा वारा डिस्कसाठी वेगात भरच घालतो, म्हणून ती जास्त पलटते. शिवाय डीएक्स गिट्टीवर, झाडावर आपटून लवकर झिजतं, मग पलटणं आणखी वाढतं. जुनी असेल तर निम्मा दोष तिथेच आहे.

फायरबर्ड ९, ३, ०, ४. तो ९ म्हणजे तेवढा वेग हातातून निघाला पाहिजे. ७० मीटरच्या हाताला ती सरळ जातच नाही. सुटली की डावीकडे कलते आणि धपकन खाली. त्यात ग्लाइड ३, म्हणजे तरंगणं जवळपास नाहीच. आणि आपल्या ४५ डिग्रीत हवा विरळ असते, त्यात डिस्क आणखी ओव्हरस्टेबल वागते. बाभळीऐवजी डावीकडच्या नालीत शोधाल, बस.

टीबर्ड घ्या: ७, ५, ०, २. चॅम्पियन प्लास्टिकमध्ये, कारण ते आपटूनही आपला स्वभाव सोडत नाही. उद्याच्या उद्या फुकटचा उपाय हवा असेल तर लेपर्डच हायझरवर सोडा, बाहेरची कड खाली झुकवून. वाऱ्यात ती आपोआप सपाट होते. हवा नसतानाही थरथरत जात असेल तर मात्र नवी डिस्क नका घेऊ, आधी मनगट पाहा.

जरीपटका:
टीबर्ड चांगलीच आहे, मान्य. पण वारा सणसणीत असला तर तीही हलते बाप्पा. थंडरबर्ड पाहा, ९, ५, ०, २.

सेमिनरीहिल्सवाला:
पुन्हा ९! हात वाढू द्या आधी. फायरबर्ड पुढे कामाची आहेच. झाडाला वळसा घालून डावीकडे जायचं असेल किंवा उंच फेकून पडल्या जागी थांबवायची असेल, तेव्हा तिच्यासारखी दुसरी नाही.

तर्रीपोहा:
हायझर आजच करून पाहिला. तीनदा बाभूळ चुकवली! टीबर्ड १५० ग्रॅम आणि १७२ ग्रॅम अशा दोन मिळून रायल्या. हलकी लांब जाईल ना?

सेमिनरीहिल्सवाला:
वारा नसला तर जाईल. तुमचं दुखणं वाऱ्याचं आहे, १७२ घ्या. आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, वाकडी होते.