आईचा करोना लसीचा तिसरा डोस राहिलाय आणि आता कोविशील्ड कुठेच नाही. काय करावं?

कोयनाकाठ | ३० डिसेंबर २०२२

आई ६७ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात डोंगराकडच्या गावी एकटीच राहते, मी भोसरीला नोकरीत. तिला चौदा वर्षं शुगर आहे. पहिला डोस मार्च २०२१ मध्ये आणि दुसरा मेच्या सुरुवातीला झाला, दोन्ही कोविशील्ड. तिसरा अजून नाही. तिनं टाळला म्हणून नाही, हे आधीच सांगतो. ती तीन वेळा गेली होती.

पहिल्यांदा फेब्रुवारीत गेली. तेव्हा साठीच्या वरच्या आजारी माणसांनाच मिळत होता. केंद्रावर सांगितलं, शुगर असल्याचा डॉक्टरचा दाखला आणा. तिच्याकडे दाखला नव्हता, गोळ्यांचं पाकीट होतं. पाकीट दाखवलं, पण चालणार नाही म्हणाले. मी नंतर केंद्र सरकारचं पत्रक शोधून वाचलं. साठीच्या वरच्यांकडून दाखला मागू नये असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. मला फार राग आला, पण तोवर ती घरी परतली होती.

दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, अमृत महोत्सवाची फुकट लसीकरणाची मोहीम चालू असताना गेली. त्या दिवशी चारच माणसं आली होती, म्हणून बाटली फोडली नाही. गुरुवारी या म्हणाले. गुरुवारी तिला ताप होता, मग गौरी-गणपती आले, मग भुईमूग काढायला आला. आणि आता चीनमधल्या करोनाच्या बातम्या बघून ती स्वतःहून परवा गेली, तर कोविशील्ड संपली आहे, कधी येईल माहीत नाही, असं उत्तर मिळालं. फोनवर मला म्हणाली, "जाऊ दे बाळा, आपल्या नशिबात नाही." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

माझे प्रश्न असे. कोव्हॅक्सिन मिळतेय म्हणतात, ती घेतली तर चालेल का? की नाकातून द्यायची नवी लस येतेय तिची वाट बघू? आणि तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचं काय झालं? आमच्याच वाट्याला हे आलं, की सगळीकडे असंच आहे?

डोंबिवलीकर_संजय | ३० डिसेंबर २०२२

सगळीकडेच आहे. मी ४६ वर्षांचा. जानेवारीतल्या लाटेत घरातले चौघेही पॉझिटिव्ह आलो. बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं असा नियम होता, म्हणून थांबलो. १० एप्रिलपासून अठराच्या वरच्या सगळ्यांना खुलं झालं, पण फक्त खासगी दवाखान्यात, पैसे भरून. लस २२५ रुपये, तिच्यावर ५ टक्के जीएसटी, टोचणावळ १५० पर्यंत, म्हणजे ३८६ रुपये २५ पैसे. मला ते जड नव्हतं. पण ज्या दवाखान्यात आधीचे दोन डोस घेतले तिथलं लसीकरण बंद झालं होतं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, दिवसाला दोन माणसं येतात, आम्ही स्टाफ कशाला बसवू? शेवटी जुलैत फुकट झाल्यावर महापालिकेच्या केंद्रावर घेतला. रांग नव्हती. दहा मिनिटांत बाहेर आलो. मे २०२१ मध्ये याच लसीसाठी पहाटे चारला उठून मोबाईलवर स्लॉट शोधत होतो, ते आठवून वाईट वाटलं.

माझ्या माहितीप्रमाणे दोन कोविशील्डनंतर तिसरी कोव्हॅक्सिन देत नाहीत. जाणकार सांगतीलच.

माणदेशी_सिस्टर | ३१ डिसेंबर २०२२

कोयनाकाठ दादा, तुमचं लिहिणं वाचून गप्प बसवेना. मी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. बावीस वर्षं झाली नोकरीला, सध्या सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर आहे. गावाचं नाव लिहीत नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आईंना कोव्हॅक्सिन देणार नाहीत. पहिले दोन ज्या लसीचे, तिसरा त्याच लसीचा, हा नियम आहे. त्याला एकच अपवाद, कोर्बेव्हॅक्स. हैदराबादची लस, बारा ते चौदाच्या मुलांना मार्चपासून दिली तीच. कोविशील्ड घेतलेल्या मोठ्या माणसांनाही ती तिसरा डोस म्हणून १२ ऑगस्टपासून चालते. नाकातली लस जानेवारीच्या अखेरीस येणार म्हणतात. तिचा सरकारी दर ३२५ आणि खासगीत ८०० अधिक कर असा जाहीर झालाय, पण ती डोंगरातल्या केंद्रावर कधी पोचेल ते मी सांगू शकत नाही. तिची वाट बघू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून "कोर्बेव्हॅक्स आहे का आणि कोणत्या वारी देता" एवढंच विचारा. फोन केल्याशिवाय आईंना घराबाहेर काढू नका.

आता बाटलीचं. मी तुमच्या आईंसमोर नव्हते, पण अशाच एका आजीसमोर होते, म्हणून लिहिते.

कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये १० डोस असतात. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. प्रत्येक मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असायचा, वाया किती गेले? सुरुवातीला तो प्रश्न बरोबरच होता. मे २०२१ मध्ये आमच्याकडे एका गावाला कधी ५० तर कधी ३० डोस यायचे आणि माणसं यायची चारशे. पहाटे पाचला शाळेच्या व्हरांड्यात चपलांची रांग लागलेली असायची, माणसं लिंबाखाली झोपलेली. तेव्हा आम्ही दहाच्या कुपीतून कधी कधी अकरावा डोस काढला आहे. त्या दिवसांत एक थेंब वाया घालवणं पाप होतं.

पण या वर्षी दिवस बदलले आणि वहीतला 'वाया किती' हा रकाना तोच राहिला. ऑगस्टमध्ये एका मंगळवारी माझ्याकडे तीन बायका आल्या. त्यांतल्या एक आजी वस्तीवरून तीन किलोमीटर चालत आलेल्या, पायात भेगा पडलेल्या. मी दुपारी दोनपर्यंत वाट बघितली, आशाताईला गावात पाठवलं, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारायला लावलं. आणखी दोघं आले. पाच झाले. मी व्हायल फोडली नाही. पाच वाया गेले तर उत्तर मला द्यावं लागणार होतं. आजी म्हणाल्या, "बरं बाई, येते परत." त्या परत आल्या नाहीत. मी दोनदा वस्तीवर गेले, दोन्ही वेळा त्या लेकीकडे गेलेल्या.

पुढे ऑक्टोबरात पेपरात वाचलं, कोविशील्ड बनवणाऱ्या सीरमचे अदर पूनावाला पुण्यात म्हणाले की कोविशील्डचं उत्पादन डिसेंबर २०२१ मध्येच थांबवलं आणि सुमारे १० कोटी डोस मुदत संपून गेले. मी ती बातमी दोनदा वाचली. इकडे मी पाच डोस वाचवायला आजींना परत पाठवलं आणि तिकडे दहा कोटी पडून मुदतबाह्य झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. कुपी फोडायला पाहिजे होती. आज तीच वेळ आली तर फोडेन आणि रजिस्टरवर स्वतःच्या सहीनं कारण लिहीन.

लोक आता म्हणतात की बुस्टर लोकांनीच घेतला नाही. गेल्या आठवड्यात नीती आयोगाचे डॉ. पॉल म्हणाले, पात्र लोकांपैकी २७-२८ टक्क्यांनीच घेतलाय. आकडा खरा असेल. पण माझ्या गावात मी काय बघितलं ते सांगते. जानेवारीत सुरू झाला तो आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना आणि साठीच्या वरच्या आजारी लोकांना. दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने झालेले पाहिजेत ही अट. दुसरा डोस कधी झाला हे खेड्यात कुणाला आठवतं? मेसेज आलेला मोबाईल मुलाकडे, मुलगा पुण्याला. मार्चमध्ये आजाराची अट काढली, बरं झालं. मग एप्रिल आला. साठीच्या आतल्यांना पैसे भरून, खासगीत. आमच्या गावापासून खासगी केंद्र सत्तर किलोमीटरवर, आणि एसटीचा संप अजून मिटलेला नव्हता. शेतावर रोजानं जाणाऱ्या बाईनं दिवस बुडवून, वडापला पैसे देऊन, वर ३८६ रुपये भरायचे? एकही गेली नाही. मला आश्चर्य वाटलं नाही.

त्यापेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. "आता पैसे लागतात" ही बातमी गावभर झाली आणि ज्यांना फुकटच होतं ती म्हातारी माणसंही यायची थांबली. मी घरोघरी सांगत फिरले, आजोबा, तुम्हाला पैसे नाहीत. ते म्हणायचे, सिस्टर, पोराला लागतात म्हणजे मलाही लागतील. त्यात या तिसऱ्या डोसचं नाव 'प्रिकॉशन डोस'. टीव्हीवर 'बुस्टर', आमच्या कागदावर 'प्रिकॉशन'. एक आजोबा मला विचारत होते, हा झाल्यावर बुस्टर पुन्हा वेगळा घ्यायचा का?

१५ जुलैला सगळ्यांना फुकट केलं, त्याच्या आधी नऊ महिन्यांचे सहा केले. दोन्ही निर्णय चांगले होते. पण ७५ दिवस, ३० सप्टेंबरपर्यंत. ते दिवस आमच्याकडे पेरणी-कोळपणीचे, सणांचे. आणि जानेवारीतली लाट सर्दी-खोकल्यासारखी गेल्यामुळे भीती ओसरली होती. हेच एप्रिलमध्ये फुकट दिलं असतं, रानात कामं नव्हती, यात्रा-जत्रांचे दिवस होते, माणूस गावात होता, तर मी माझ्या चार गावांत निम्म्यांहून जास्त लोकांना दिला असता. हे मी अंदाजानं बोलत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात कवचकुंडल मोहिमेत आम्ही रात्री नऊला बॅटरीच्या उजेडात ऊसतोड कामगारांना लस दिली आहे. माणसं नाही म्हणत नाहीत. त्यांच्या वेळेला आपण तिथं असावं लागतं.

एक युक्ती सांगते, आता मी असंच करते. वहीत ज्यांचा तिसरा राहिलाय त्यांचे नंबर लिहून ठेवलेत. बाजाराच्या वारी सत्र ठेवते आणि आदल्या संध्याकाळी आशाताई सगळ्यांना फोन करते. तुम्हीही गावातल्या आशाताईंना सांगून आईंच्या वयाची सात-आठ माणसं एकत्र करा. एवढी माणसं दारात उभी राहिली की कुपी फोडावीच लागते. कोर्बेव्हॅक्सची तर २० डोसची असते, म्हणून जास्त जमली तर चांगलंच.

आणि फेब्रुवारीत दाखला मागितला ते चूकच होतं. आमच्यापैकी ज्या कुणी मागितला, तिच्या वतीनं मी आईंची माफी मागते.

राजापूरची_मीना | १ जानेवारी २०२३

सिस्टर, तुमचं वाचून डोळे भरून आले.

माझ्या सासऱ्यांचं वेगळंच झालं. सप्टेंबरात त्यांच्या नंबरवर मेसेज आला, तुमचा प्रिकॉशन डोस यशस्वीपणे पूर्ण झाला. ते तेव्हा अंगणात नारळ सोलत बसले होते. सर्टिफिकेटसुद्धा निघालं, तारखेसकट. लसीकरणाच्या पोर्टलवर तक्रार टाकली, १०७५ या हेल्पलाइनवर फोन केला, नोंद घेतली म्हणाले आणि पुढे काही नाही. केंद्रावर गेलो तर कॉम्प्युटरवर झालेलं दिसतंय, दुसऱ्यांदा देता येत नाही. ७४ वर्षांचा माणूस, दमेकरी, आणि कागदावर तीन डोस पूर्ण. देशाच्या आकड्यात त्यांचाही एक मोजला गेला असणार. ज्यांच्या बाबतीत असं झालंय त्यांनी मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

कोयनाकाठ | २ जानेवारी २०२३

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री आईला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. त्या आजींचं ऐकल्यावर म्हणाली, "त्या बाईंना सांग, मनाला लावून घेऊ नका. आमची सिस्टरपण त्या दिवशी आमच्याइतकीच खट्टू झाली होती." दाखल्याबद्दल ती काही बोलली नाही. मी मात्र अजून विसरलेलो नाही.

आज सकाळी ग्रामीण रुग्णालयात फोन लागला. कोर्बेव्हॅक्स आहे, गुरुवारी देतात, पण पंधराजण तरी आणा म्हणाले. आशाताईंशी बोललो. त्यांच्याकडे आमच्या आणि शेजारच्या वाडीतली मिळून अकरा नावं निघाली. चुलतभाऊ त्याची पिकअप देतोय. मी बुधवारी रात्री गावी पोचतो.

मीनाताई, तुमच्या सासऱ्यांसाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत स्क्रीनशॉट जोडा. मजकूर लिहायला मी मदत करतो, निरोप पाठवा.

माणदेशी_सिस्टर | २ जानेवारी २०२३

अकरा आहेत तर चार अजून मिळतील. दूध डेअरीवर सकाळी सांगा, तिथं सगळी म्हातारी माणसं येतात. आईंनी त्या दिवशी उपाशी यायचं नाही, शुगरची गोळी आणि नाश्ता नेहमीप्रमाणे. ब्लाउजची बाही सैल हवी. आधार कार्ड आणि ज्या नंबरवर आधीचे दोन डोस नोंदवलेत तो मोबाईल बरोबर ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. टोचल्यावर अर्धा तास बसवून घ्या, पिकअपवाल्याला घाई करू देऊ नका. झालं की इथं कळवा.