कॉलनीतली जुनी झाडं: आधी तपासणी की आधी कुऱ्हाड?

गिरणाकाठ:
आमची जळगावातली कॉलनी जुनी आहे. आतल्या रस्त्यावर तीन रेन ट्री, कोपऱ्यावर एक गुलमोहर आणि मंदिरामागे थोरला निंब. परवाच्या वळवाच्या वादळात एका रेन ट्रीची मांडीएवढी फांदी उभ्या कारवर पडली, आणि एक मोडकी फांदी अजून वर लटकलेली आहे. कुणाला लागलं नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव आला की पाचही झाडं काढून टाकायची. माझा त्याला विरोध आहे.

फांदी पडली ती झाड म्हातारं झालं म्हणून नाही. मोडलेली जागा मी जवळून पाहिली. काही वर्षांपूर्वी तारांखालची छाटणी करणाऱ्यांनी मोठी फांदी मध्येच तोडून ठेवली होती. त्या थोटकाच्या टोकाला पाच-सहा धुमारे फुटले, तेच पुढे जाड झाले. असे धुमारे आतल्या लाकडातून निघत नाहीत, वरच्या थरात चिकटलेले असतात. त्यात खालचं थोटूक कुजत जातं. वजन वाढलं, वारा आला, निखळले. म्हणजे जी छाटणी आपण सुरक्षेसाठी म्हणून करून घेतली तिनेच धोका तयार केला.

पाच झाडं म्हणजे पाच वेगळी प्रकरणं. जाणकार आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची तपासणी आणि निगा करणारा तज्ज्ञ, बोलवा, प्रत्येक झाडाचा लेखी अहवाल घ्या, मग ठरवा. खर्च घरटी वाटून घेऊ.

खालच्या मजल्यावरचा:
दादा, त्या फांदीखालच्या खोलीत माझ्या आईची खाट असते. तुमचं घर रस्त्याच्या टोकाला आहे, म्हणून तुम्हाला अहवालाची वाट बघता येते. मे-जूनमध्ये आपल्याकडे वारा कसा सुटतो ते यावल-रावेरच्या केळीवाल्यांना विचारा, तासाभरात बागा आडव्या होतात. अहवाल येईपर्यंत दुसरी फांदी पडली तर जबाबदार कोण? मी झाडांचा वैरी नाही. पण रेन ट्री इथला नाही, दक्षिण अमेरिकेकडचा. गुलमोहर मादागास्करचा. हे काढून इथलीच झाडं लावा, मी स्वतः पाणी घालीन.

रोपवाटिका यावल:
झाड कुठून आलं यावरून ते पडेल की नाही हे ठरत नाही. पिंपळ इथलाच, पण गटारासाठी त्याची एका बाजूची मुळं तोडली तर तोही कलंडतो.

तपासणारा तीन गोष्टी बघतो: मोडण्याची शक्यता किती, मोडलं तर खाली कोण किंवा काय असेल, आणि नुकसान केवढं होईल. तिन्ही मिळून धोका ठरतो. ओसाड पडीक जागेतलं पोकळ झाड आणि शाळेच्या फाटकावरचं पोकळ झाड एकसारखं मोजत नाहीत. म्हणून आजच्या आज करण्याजोगं काम फुकटातलं आहे. त्या झाडाखालची पार्किंग बंद करा, आजींची खाट दुसऱ्या खोलीत हलवा.

मग बुंध्याशी बसून बघा. जमिनीलगत अळंबी किंवा लाकडासारखी कडक बुरशी आली आहे का? एका बाजूची माती उचलली आहे का, ताजी भेग आहे का? दोन मोठ्या फांद्या अगदी अरुंद कोनात फुटून मध्ये साल दबली आहे का? लाकडी हातोडीने खोड ठोकत गेलं की पोकळ जागेचा आवाज बदलतो. पोकळ म्हणजे मेलंच असंही नाही. ढोबळ नियम असा की भोवतीचं निरोगी लाकूड त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं असेल तर खोड सहसा तग धरतं. 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला सगळीकडून 10 सेंटिमीटर. खोडाला मोठं भगदाड असेल तर मात्र हा हिशेब लावू नका.

आक्का धुळेकर:
भाऊ, आम्हना आंगनमा निंबनं मोठं झाड शे. उन्हायामा सगळी गल्ली तठे बसस. कापाना इषय काढू नका.

खालच्या मजल्यावरचा:
आक्का, निंबाबद्दल माझीही तक्रार नाही. पण पंचेचाळीसच्या वर पारा गेला की सगळ्यांना सावली आठवते, आणि फांदी पडते ती एकाच्या घरावर. हे ओझं एकट्याने का वाहायचं? आर्बोरिस्ट जळगावात कुठे शोधायचा? मुंबई-पुण्याहून आणायचा तर येण्याजाण्यासकट बिल किती होईल याचा आकडा कुणी मांडलेला नाही.

केळीवाला रावेर:
आम्ही बागेभोवती शेवरी लावतो, ती वारा अडवते म्हणून. एका रांगेतली दोन झाडं काढली की तिसऱ्यावर वारा थेट येतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुमचे तीन रेन ट्री इतकी वर्षं एकमेकांच्या आडोशाने वाढले. एक काढाल तर उरलेल्या दोघांचंही बघावं लागेल, हे ठरावात लिहून घ्या. आणि कापलेल्या जागी डांबर तरी लावलं होतं का? आम्ही लिंबाच्या बागेत बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावतो.

रोपवाटिका यावल:
बागेत बोर्डो पेस्ट ठीक आहे, रोगासाठी ती चालते. पण मोठ्या झाडाची जखम डांबराने भरत नाही. झाड जुनं लाकूड दुरुस्त करत नाही, कुजलेल्या भागाभोवती भिंत घालून नवं लाकूड वाढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगोने हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. म्हणून काप कुठे घेतला याला सगळं महत्त्व. फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर भाग राखून त्याच्या बाहेरून कापायचं. थोटूकही ठेवायचं नाही आणि खोडाला घासूनही नाही. जड फांदीला आधी खालून काप, मग थोडं पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर शेवटचा काप. नाहीतर फांदी खाली येताना खोडाची साल सोलून नेते. एका वर्षात चौथाईहून जास्त पालवी काढू नये.

आणखी एक. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या जोरदार पावसात लोण्यासारखी होते. वर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक असतील तर मुळांना ना पाणी ना हवा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. तेवढं तरी करा.

भुसावळ लाइन:
ठराव करून झाड तुटत नसतं. महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची किंवा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘तोडणे’ यात झाडाला इजा करणंही येतं, म्हणजे बेबंद छाटणीही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, आणि तोडलं तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. मेलेलं, रोगट किंवा जीवाला धोका असलेलं झाड असेल तर हाच कायदा वाट मोकळी ठेवतो. पण धोका आहे हे दाखवायला काहीतरी कागद हवाच ना? तोच अहवाल.

गिरणाकाठ:
आज सकाळी यावलच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पाचही बुंधे बघितले. गुलमोहराच्या मुळाशी तपकिरी कडक बुरशी आहे आणि रस्त्याच्या बाजूची मुळं पाइपलाइनच्या वेळी तुटलेली दिसतात. तो काढावा लागला तर मी आड येणार नाही. निंब ठणठणीत दिसतो. रेन ट्रीचं मला कळत नाही, त्यांच्यासाठीच माणूस हवा. खर्चाचं म्हणाल तर दोघांकडून लेखी दर मागवतो.

खालच्या मजल्यावरचा:
गुलमोहराबद्दल आपलं एकमत झालं. रेन ट्रीबद्दल नाही. माझी अट लिहून घ्या: पार्किंग आजपासून बंद, लटकलेली मोडकी फांदी याच आठवड्यात जाणकाराकडून उतरवायची, आणि अहवाल मृगाच्या आत. त्यात पुढची तपासणी कधी हेही हवं, कारण एकदा बघून दहा वर्षं विसरायचं असेल तर मला ते मान्य नाही. मृग लागेपर्यंत कागद हातात आला नाही, तर त्या माझ्या खिडकीवरच्या झाडासाठी परवानगीचा अर्ज मी एकटा टाकणार.

गिरणाकाठ:
मान्य. अर्ज टाकायची वेळ आली तर त्यावर माझा आक्षेपही असेल, हे आधीच सांगतो. फांदी उतरवायला यावलचे भाऊ कधी येऊ शकतील?

रोपवाटिका यावल:
गुरुवारी सकाळी. दोर आणि दोन माणसं माझी. तारेचा प्रवाह बंद ठेवायचं तेवढं तुम्ही आधी लेखी मागून ठेवा, त्याशिवाय मी वर चढणार नाही.