मालकाने नेमलेल्या डॉक्टरची तपासणी 'स्वतंत्र' कशी?

कामगारबाजू
कामावर बोटं तुटली, खांदा निखळला, पाठ गेली, की भरपाईच्या दाव्यापाठोपाठ मालकाची किंवा त्याच्या विमा कंपनीची चिठ्ठी येते: अमुक डॉक्टरांकडे तपासणीला या. तिला 'स्वतंत्र वैद्यकीय तपासणी' म्हणतात. डॉक्टर मालकाने निवडलेला, फी मालकाची, अहवालही मालकाकडेच जाणार. याला स्वतंत्र म्हणणं मला पटत नाही.

पैशात फरक किती पडतो ते पाहा. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे बोलते. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झाली असली तरी त्याआधीच्या अपघातांचे दावे अजून चालूच आहेत. समजा वय ३०, हिशेबात धरायचं महिन्याचं वेतन १५,००० रुपये. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले कायद्यात वयानुसार दिलेला घटक २०७.९८, म्हणजे कमाईची क्षमता पूर्ण गेली तर १८,७१,८२० रुपये. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं ठरलं तर ७,४८,७२८ मिळतात, १० टक्के ठरलं तर १,८७,१८२. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव असलेल्या इजेला टक्के ठरलेले आहेत: अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, एका हाताची चारही बोटं ५०. पण पाठ, मान, खांदा, मज्जातंतू यांना तिथे जागा नाही. त्यांचा आकडा डॉक्टरच्या मतावर ठरतो, आणि सगळी ओढाताण तिथेच होते.

दावा_तपासनीस
ही तपासणी कायद्यानेच दिली आहे, कलम ११ वाचा. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून ३ दिवसांच्या आत मालकाने विनामूल्य तपासणी देऊ केली, तर कामगाराने ती करून घ्यायची असते. सबळ कारण नसताना नकार दिला किंवा अडथळा आणला, तर नकार चालू असेपर्यंत भरपाईचा हक्क स्थगित राहतो.

दुसरी बाजूही मांडतो. उपचार करणारा डॉक्टर तटस्थ असतोच असं नाही. रुग्ण त्याचा आहे, बिल त्याचं आहे. त्यात ज्याने उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरचं '६० टक्के कायमचे अपंगत्व' असं एकपानी प्रमाणपत्र दाव्याला जोडून येतं. पंचेचाळिशीतल्या माणसाच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती फुगलेली दिसणं नवल नाही, कधीच न दुखलेल्या पाठीतही ती दिसते. ती या अपघातानेच फुगली का, हे कुणीतरी विचारायलाच हवं. तो प्रश्न मालकाने विचारला म्हणून खोटा ठरत नाही.

अस्थिशल्य
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. डॉक्टर कोणाचा यापेक्षा तपासणी कशी झाली हे आधी बघावं.

पहिली चूक वेळेची. हाड जुळायचंय, व्यायामोपचार चालू आहेत, अशात कायमचा टक्का काढता येत नाही. उपचारांनी आणखी सुधारणा होणार नाही, अशी स्थिती यावी लागते. दुसरी चूक मोजमापाची. 'हालचाल थोडी कमी' हे मोजमाप नव्हे. खांद्याचे कोन कोनमापकाने, दोन्ही बाजूंचे. पकड डायनामोमीटरवर, प्रत्येक हाताची तीन वेळा. दंडाचा घेर दोन्हीकडे ठरावीक खुणेपासून सारख्याच अंतरावर. घेर कमी भरला तर स्नायू खरोखर वापरात नाही, हे सोंग करून दाखवता येत नाही.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. 'उजव्या हाताचे ४० टक्के' आणि 'पूर्ण शरीराचे ४० टक्के' या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कमाईच्या क्षमतेतली घट ही तिसरीच. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला होता, डावा हात कोपराच्या वरून कापलेला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून क्षमता १०० टक्के गेली असं न्यायालयाने मानलं. तोच हात गेलेला हिशेबनीस कदाचित त्याच खुर्चीत कामाला बसेल.

आणि कृपया वॉडेल चिन्हांना, म्हणजे कंबरदुखीच्या तपासणीत बघायच्या ठरावीक खुणांना, सोंगाचा पुरावा करू नका. १९८०मध्ये ती कंबरदुखीत शारीरिक कारणापलीकडचं काही गुंतलंय का, हे हेरण्यासाठी मांडली होती. ती आढळली म्हणून माणूस खोटारडा ठरत नाही.

कामगारबाजू
मोजमापाचं पटलं. पण दहा मिनिटांत आटोपलेल्या तपासणीत कोनमापक बाहेर निघतो का, हाच माझा मुद्दा आहे.

स्थगितीची तलवार आहे, म्हणून कामगाराने नकार देऊ नये. जावं, पण तयारीने जावं. बोलावणं लेखी घ्यावं. १९२४च्या नियमांप्रमाणे संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत बोलावता येत नाही. प्रकृती बाहेर पडण्यासारखी नसेल तर मुक्कामाचं ठिकाण सोडून येण्याची सक्ती नाही. अर्धमासिक रक्कम (तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मिळणारी भरपाई) चालू असलेल्याला मुक्कामाबाहेर अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात दोनदा आणि पुढे महिन्यातून एकदाच बोलावता येतं. स्त्रीच्या संमतीशिवाय पुरुष डॉक्टरने दुसरी स्त्री हजर नसताना तपासू नये, हेही त्याच नियमांत आहे. एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणं, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती द्याव्यात, मूळ कागद हातचे सोडू नयेत. तपासणी किती वाजता सुरू झाली, कधी संपली, काय मोजलं आणि काय मोजलंच नाही, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. पुढे उलटतपासणीत वकिलाला त्याचाच आधार असतो.

माझी मागणी एवढीच: दोन अहवालांत मोठी तफावत असेल तर भरपाईच्या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या आयुक्तांनी कलम २०(३) वापरून स्वतःच्या मदतीला विशेष जाणकार निवडावा. तो डॉक्टर खरा स्वतंत्र. कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) वैद्यकीय मंडळ आणि त्यावर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण आहे. मग तो विमा लागू नसलेल्या कामगाराने मालकाच्याच डॉक्टरवर का विसंबावं?

दावा_तपासनीस
असहमत. प्रत्येक दाव्यात तिसरा डॉक्टर म्हणजे आणखी तारखा. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज चढतं आणि विलंबाला समर्थन नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दोन डॉक्टरांची साक्ष झाली की आयुक्तांना ठरवता येतं.

कामगारबाजू
व्याजाची एवढी चिंता असेल तर कलम ४-अ(२) पाळा. पूर्ण दावा मान्य नसला तरी जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम आधी द्यायची असते. तुमच्याच डॉक्टरने १० टक्के लिहिले असतील, तर ते १,८७,१८२ रुपये रोखून कशाला धरायचे? वाद उरलेल्या ३० टक्क्यांचा चालू दे.

दावा_तपासनीस
त्याला माझा विरोध नाही. मान्य रक्कम द्यायलाच हवी. तिसऱ्या डॉक्टरबद्दल मात्र मत तेच.

अस्थिशल्य
तिसरा नेमा अथवा नेमू नका, तपासणीच्या पत्रासोबत कामाचं वर्णन पाठवा. पाळीत किती वजन उचलायचं, किती वेळा, हात खांद्याच्या वर किती वेळ, शिडी आहे का, कंप पावणारं हत्यार आहे का. हे अर्ध्या पानात मावतं. ते नसेल तर 'कामास सक्षम' असं लिहिणारा डॉक्टर कुठल्या कामाबद्दल बोलतोय, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.