गावच्या रस्त्याची मागणी राज्याच्या अर्थसंकल्पात कुठे आणि कधी मांडायची?

वाटाड्या:
गाव ते तालुका साडेसहा किलोमीटरचा रस्ता आहे, डांबर पार उखडलंय. ग्रामसभेचा ठराव झालाय. मार्चच्या अर्थसंकल्पासाठी वित्त विभागाला सूचना पाठवायची म्हणतो. फेब्रुवारीत पाठवली तर चालेल का? सूचनेत नेमकं काय लिहायचं? आणि राज्यच तुटीत आहे म्हणतात, मग पैसे मिळणार कुठून?

जमाखर्च:
फेब्रुवारी म्हणजे वरातीमागून घोडं. विभाग आपापली अंदाजपत्रकं पावसाळा सरताच जुळवायला घेतात. फेब्रुवारीत बहुतेक बेरजा ठरलेल्या असतात.

पण त्याआधी रस्ता कोणाचा ते बघा. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात रस्त्यांची यादी असते, त्यात क्रमांक मिळेल. ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग) किंवा इ.जि.मा. (इतर जिल्हा मार्ग) असेल तर रस्ता जिल्हा परिषदेचा, प्र.जि.मा. (प्रमुख जिल्हा मार्ग) किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. जिल्हा परिषदेच्या रस्त्यासाठी मंत्रालयात अर्ज केलात तर तो ‘पुढील कार्यवाहीस्तव’ शेरा घेऊन फिरत फिरत पुन्हा जिल्ह्यातच येतो. अशा रस्त्याचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. ती योजना जिल्हा नियोजन समिती ठरवते, अध्यक्ष पालकमंत्री.

अर्जात रस्त्याचा क्रमांक, साखळी, म्हणजे कुठून कुठपर्यंतचं अंतर (उदा. ०/०० ते ६/५००), शेवटचं डांबरीकरण कोणत्या वर्षी झालं आणि ठरावाची प्रत एवढं हवंच. अंदाजे खर्च स्वतः लिहू नका, उपअभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या. ‘रस्ता खराब आहे, कृपया लक्ष द्यावे’ एवढ्यावर कोणी पेन उचलत नाही.

पाटकरी:
तुटीचं म्हणाल तर २०२५-२६ च्या अंदाजात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे तूट ४५,८९१ कोटी. आकडा मोठा आहे, पण तुमचा रस्ता त्यामुळे अडत नाही. जिल्हा वार्षिक योजनेच्या सर्वसाधारण भागाला त्याच वर्षी राज्यभरासाठी २०,१६५ कोटी ठेवले होते. खरा अडसर आहे दायित्वाचा. मागच्या वर्षी मंजूर झालेल्या कामांची देणी आधी भागवतात, उरेल त्यात नवी कामं. म्हणून यादीत नाव आलं म्हणून हुरळून जाऊ नका, त्या लेखाशीर्षावर (खर्च ज्या खात्याखाली पडतो तो क्रमांक) दायित्व किती ते आधी विचारा.

लेखाशीर्षही नीट बघा. देखभाल-दुरुस्ती ३०५४ खाली, नवं बांधकाम आणि सुधारणा ५०५४ खाली. पहिला महसुली, दुसरा भांडवली. एकातला पैसा दुसरीकडे पुनर्विनियोजनाने (मंजूर तरतूद एका शीर्षातून दुसऱ्यात हलवून) वळवता येत नाही, त्यामुळे काम चुकीच्या शीर्षाखाली बसलं तर वर्ष गेलंच म्हणून समजा.

जमाखर्च:
अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतले आकडे हजारांत असतात हेही ध्यानात ठेवा. तुमच्या कामासमोर नुसता १ दिसला तर ते लाख-कोटी नव्हेत, एक हजार रुपये. ही लाक्षणिक तरतूद. शीर्ष उघडं ठेवलंय, पैसा पुरवणी मागणीतून (वर्षाच्या मधेच विधिमंडळाकडून घेतलेल्या जादा मंजुरीतून) आला तर आला. गावात मात्र तोवर ‘मंजूर झाला’ म्हणून फलक लागलेला असतो!

वाटाड्या:
उपविभागात विचारलं, इ.जि.मा. निघाला. आता?

पाटकरी:
मग वित्त विभागाचा नाद सोडा. ठराव आणि अंदाजपत्रक कार्यकारी अभियंत्याकडे द्या, एक प्रत जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. डिसेंबर-जानेवारीत पुढच्या वर्षाचा आराखडा समितीपुढे जाण्याआधी यंत्रणेचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा, प्रस्ताव तिथे पोचला पाहिजे. तुमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्यालाही सांगा; समितीतले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडलेले असतात.

जमाखर्च:
प्रशासकीय मान्यता मिळाली तरी बीडीएसवर (निधी वितरणाची पावती) निधी सुटलाय का ते बीम्सवर (राज्याची निधी वाटपाची संगणक प्रणाली) तपासा. मान्यता हा कागद आहे, बीडीएस हा पैसा. सुटलेला निधी जिल्हा परिषदेला पुढचं आर्थिक वर्ष संपेपर्यंत खर्चता येतो, त्यामुळे मार्चअखेर खडी पडली नाही तरी लगेच हाय खाऊ नका. दुसरा मार्च मात्र चुकवायचा नाही, नाहीतर पैसा परत जातो.