मदत हवी आहे: कोथरूडमध्ये घरी येऊन कुत्र्याला इच्छामरण देणारे डॉक्टर

आमचा लॅब्रॅडॉर, वय 13, वजन 31 किलो. किडन्या निकामी, क्रिएटिनिन 9.8. तीन आठवडे सलाइन, उलटीची औषधं, किडनीसाठीचं खाणं, सगळं करून झालं. कालपासून दहीभाताकडेही बघत नाही. जिन्यात ओळखीची पावलं वाजली की शेपूट एकदाच आपटतो, बस. दोन डॉक्टरांनी 'आता अडकवून ठेवू नका' म्हटलंय. निर्णय झालाय, त्यामुळे कृपया नवे उपचार सुचवू नका.

अडचण अशी की तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि उचललं की तो कळवळतो. नेहमीचे डॉक्टर घरी येत नाहीत. भाऊ शनिवारी रात्री पोहोचेल, म्हणून रविवार सकाळ हवी.

आधी गुंगीचं इंजेक्शन, तो झोपल्यावरच शेवटचं, असं करणारेच हवेत. सलाइनमुळे पुढचे दोन्ही पाय सुजलेत, शीर मिळत नाही. अशा वेळी आदल्या दिवशी मागच्या पायाला सुई लावून ठेवून घ्यावी का? दहनाची सोय रविवारी कुठे चालू असते? आणि घरातली दुसरी कुत्री, तिला त्या वेळी खोलीत असू द्यावं की नंतर वास घेऊ द्यावा? कोणी अनुभवलंय का?