व्हेनिस: ७२ तासांचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?

भटकभवानी: मे महिन्यात अडीच दिवस व्हेनिस. ट्रेनने येणार, हॉटेल कास्तेल्लो भागात. सोबत दोन मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई. व्हापोरेत्तोचा (म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीचा) ७२ तासांचा पास ४५ युरो, सुटं तिकीट साडेनऊ युरो. मुरानो-बुरानो ही बेटंही करायचीत. पास वसूल होईल?

पायपीट: पाचव्या फेरीला फिटतो. स्टेशन-हॉटेल येऊन-जाऊन दोन, बेटांच्या तीन, झाल्याच की पाच. सुट्या तिकिटाला ७५ मिनिटांची मुदत, त्यात बेट बघून होत नाही. पासचे तास पहिल्यांदा मशीनला टेकवल्यापासून मोजतात, म्हणून आदल्या रात्री उगाच टेकवू नका. नंतर मात्र दर वेळी चढण्याआधी टेकवायचाच, नाहीतर पास असूनही दंड होऊ शकतो.

आणि मेस्त्रेला उतरू नका, ते मुख्य भूमीवर आहे. शेवटचं स्टेशन सांता लुचिया. बाहेर पडलं की समोरच बोटींचे धक्के. एकाच थांब्याला दोन-तीन धक्के असतात, दिशेप्रमाणे वेगळे. फलकावरचं अक्षर बघूनच रांगेत उभ्या राहा.

नकाशावेडा: खरा प्रश्न बॅगांचा आहे. पूल म्हणजे पायऱ्या, आणि चाकांची बॅग तिथे उचलावीच लागते. पत्त्यावर भरवसा ठेवू नका: घरक्रमांक गल्लीप्रमाणे नसतो, अख्ख्या भागात सलग चालतो, कास्तेल्लोत तो सहा हजारांच्या पुढे जातो. हॉटेलला दोनच गोष्टी विचारा: जवळचा धक्का कोणता आणि तिथून वाटेत पूल किती. अरुंद गल्ल्यांत फोनवरचा निळा ठिपकाही भरकटतो. रिआल्तो, सान मार्को अशा मुख्य ठिकाणांची दिशा दाखवणाऱ्या भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या बऱ्या.

बेटांसाठी फोंदामेंते नोवे धक्क्यावरून १२ नंबरची बोट. आधी बुरानो, मग मुरानो. मुरानोहून परतायला ४.१ आणि ४.२ सुद्धा आहेत. बुरानोला अडकलात तर १२ चीच वाट बघायची.

भटकभवानी: धक्का विचारते. ग्रँड कॅनॉल, म्हणजे शहरातला मुख्य कालवा, ओलांडायला सासूबाईंना पूल चढावेच लागणार का?

पायपीट: त्यावर पूल चारच आहेत, पण त्रागेत्तो आहे. ही पलीकडे सोडणारी गोंडोला, दोन युरो रोख, पास चालत नाही. लोक उभ्यानेच जातात. सासूबाईंना बसवा, चढता-उतरताना हात द्या. संध्याकाळी लवकर बंद होते, तेव्हा १ नंबरची बोट धरा: ती दोन्ही काठांवरच्या धक्क्यांना लागत जाते.

नकाशावेडा: राहिलंच. ठरावीक दिवशी शहरात शिरायला शुल्क असतं. मुक्कामी पाहुण्यांना माफ आहे, पण माफीची नोंद आधी ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. तुमच्या तारखा त्यात आहेत का बघा.